कलोपचार

रेखाटन, रंगचित्र, मातीकाम, चिकटचित्र इ. दृश्य कलांच्या प्रत्यक्ष निर्मितीतून व्यक्तीला आपले अनुभव व भावना प्रकट करण्यास साहाय्य करणारी मानसोपचाराची एक पद्धती. तीत उपचारार्थी, त्याची निर्मिती व प्रशिक्षित उपचारक असे तीन घटक असून त्यांच्या परस्परसंबंधावर उपचाराची भिस्त असते. चित्र कलादृष्ट्या कितपत सरस उतरले, हा प्रश्न येथे गौण मानतात. त्यामुळे शाळा सुटल्यानंतर ज्याने कधी रंग हाती घेतला नाही, अशा प्रौढालाही ही पद्धती तितकीच खुली असते. संगीत, नृत्य व नाट्य ह्यांवर आधारलेले उपचार स्वतंत्रपणे विकसित झाले असून प्रस्तुत नोंदीत केवळ दृश्य कलांचा विचार केला आहे.

कलाशिक्षण व व्यवसायोपचार ह्या दोहोंशी कलोपचाराचे नाते निकटचे आहे. कलाशिक्षणात कौशल्याची वाढ, तर व्यवसायोपचारात दैनंदिन व्यवहाराची क्षमता परत मिळवून देणे हे उद्दिष्ट असते. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण कमला निंबकर ह्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये सुरू केले. टोपली विणणारा रुग्ण आणि चित्र काढणारा रुग्ण ह्यांत बाहेरून पाहणाऱ्यास फारसा फरक दिसत नाही; तो दिसतो काम संपल्यानंतर. टोपली पुरी होताना हाताची हालचाल, चिकाटी व आत्मविश्वास परत येऊ लागला, की व्यवसायोपचाराचे पुष्कळसे कार्य साधते. कलोपचारात चित्र पुरे झाल्यावर त्याविषयीचा, आणि पुष्कळदा त्या चित्राशीच चाललेला, संवाद सुरू होतो.

भाषेत अनुभव एकामागून एक असा क्रमाने मांडावा लागतो. भय, लज्जा वा शोक ह्यांनी ग्रासलेल्या व्यक्तीपाशी नेमका हा क्रमच नसतो. कागदावर मात्र घर, त्याला लागलेली आग आणि दूर उभे असलेले मूल ही सर्व एकाच वेळी येऊ शकतात. शिवाय चित्र ही एक वस्तू आहे. ती करणाऱ्यापासून वेगळी होते. तिच्याकडे हातभर अंतरावरून पाहता येते, ती कपाटात ठेवून महिन्याने पुन्हा काढता येते, फाडूनही टाकता येते. साधनांचे गुणधर्मही येथे महत्त्वाचे ठरतात. पेन्सिल व खडू हाताच्या ताब्यात राहतात. जलरंग पसरतात, एकमेकांत मिसळतात व करणाऱ्याच्या इच्छेबाहेर जातात. माती ठोसा सोसते आणि पुन्हा घडवता येते. अतिशय अस्वस्थ असलेल्या व्यक्तीस आरंभीच पातळ रंग दिल्यास तिची भीती वाढण्याचा संभव असतो. म्हणून कोणाला कोणते साधन केव्हा द्यावे, ह्याचे तारतम्य हे उपचारकाच्या कौशल्याचे एक गमक समजतात.

पूर्वपीठिका : मनोरुग्णांच्या चित्रांकडे प्रथम लक्ष गेले, ते रोगनिदानाचे साधन म्हणून. हायडल्बर्ग येथील मनोरुग्णालयात हान्स प्रिन्त्सहॉर्न (१८८६–१९३३) ह्या वैद्य व कलेतिहासकाराने सु. ४५० रुग्णांच्या सु. ५,००० कृती जमवल्या व त्यांवरील आपला ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या कृतींना स्वतःचे कलामूल्य आहे, हे त्याने आग्रहाने मांडले. ह्या संग्रहात आग्नेस रिख्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे एक जाकीट आहे. १८९५ च्या सुमारास रुग्णालयाच्याच जाड्याभरड्या कापडातून तिने ते शिवले आणि त्यावर आतून-बाहेरून रंगीत दोऱ्यांनी अक्षरे भरली. ती आज पूर्णपणे लागत नाहीत. परंतु ‘मी’ हा शब्द त्यांत पुन्हा पुन्हा आढळतो. तिला कोणी उपचार म्हणून हे काम दिले नव्हते.

रुग्णाच्या चित्राचा उपयोग त्याच्याच विरुद्ध कसा होऊ शकतो, हेही ह्याच संग्रहाच्या इतिहासावरून दिसते. ‘अधःपतित कला’ ह्या नावाचे नाझी राजवटीचे प्रदर्शन म्यूनिक येथे १९३७ मध्ये भरले व नंतर इतर शहरांतून फिरवण्यात आले. १९३८ पासून त्यात ह्या संग्रहातील काही कृती आधुनिक चित्रकारांच्या कृतींशेजारी मांडून दोघांचीही हेटाळणी करण्यात आली. संग्रहातील एक श्रेष्ठ चित्रकार फ्रान्ट्स कार्ल ब्यूलर (१८६४–१९४०) ह्याचा ग्राफेनेक येथे मनोरुग्णांच्या पद्धतशीर हत्याकांडात बळी गेला.

‘कलोपचार’ ह्या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९४२ मध्ये एड्रिअन हिल (१८९५–१९७७) ह्या ब्रिटिश चित्रकाराने रूढ केली. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढल्याने आपला धीर टिकला, असा त्याला अनुभव आला व तेथील इतर रुग्णांनाही तो चित्रकला शिकवू लागला. एडवर्ड ॲडमसन (१९११–९६) ह्याने १९४६ पासून सरे परगण्यातील नेदर्न रुग्णालयात चित्रशाळा चालवली. वैद्यांना संशोधनासाठी चित्रे हवी होती. म्हणून त्याने कोणालाही सूचना देऊ नयेत वा अर्थ सांगू नये, असा दंडक होता. ॲडमसनने तो पाळला आणि त्यातूनच, चित्र काढणाऱ्याशेजारी मूकपणे व आदराने उपस्थित राहण्याची त्याची स्वतःची रीत तयार झाली.

अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग (१८९०–१९८३) हिने मनोविश्लेषणाच्या आधारे उत्स्फूर्त चित्राला अबोध मनाची प्रतीकात्मक भाषा मानले. तिच्या पद्धतीत चित्राचा अर्थ लावण्यात रुग्णाचा पुढाकार असतो. ईडिथ क्रेमर (१९१६–२०१४) हिच्या मते उपचाराचे सामर्थ्य निर्मितीच्या क्रियेतच असते, कारण तीत विघातक प्रेरणांचे उदात्तीकरण होते. उपचारकाने मुलाच्या कृतीत स्वतःची शैली न मिसळता, अडेल तेथे साहाय्य करणारा ‘तिसरा हात’ व्हावे, असे ती म्हणे. हे दोन पक्ष पाठ्यपुस्तकांत परस्परविरोधी म्हणून दाखवतात. प्रत्यक्ष व्यवहारात बहुतेक उपचारक दोन्हींचा अवलंब करतात.

क्रेमरची गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस (१८९८–१९४४) ही व्हिएन्नात जन्मलेली व वायमार येथील बाउहाउसमध्ये शिकलेली चित्रकर्ती होय. ज्यू असल्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये तिची रवानगी टेरेझिन येथील छावणीत झाली. तेथील मुलांच्या वसतिगृहांत ती चित्रकलेचे वर्ग घेऊ लागली. कागद दुर्मिळ होता. कचेरीचे जुने छापील कागद व वेष्टने ह्यांवर काम चाले. रेषेच्या लयीचे सराव, कागदाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे, आठवणीतून काढलेली घरे व फुले असे विषय असत. प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा तिचा आग्रह असे; जेथे माणसाची ओळख क्रमांकाने होत होती, तेथे ह्या आग्रहाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेली जाऊन ती मारली गेली. दोन पेट्यांत भरून लपवलेली सु. ४,५०० चित्रे युद्धानंतर हाती आली व ती प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य वाचली नाहीत. उपचाराचे यश आयुष्यमानाने मोजणाऱ्यास ह्या वर्गाविषयी काहीच म्हणता येणार नाही.

ब्राझीलमध्ये नीझी दा सिल्व्हेरा (१९०५–९९) ह्या मनोविकारतज्ञ स्त्रीने केलेले कार्य ह्या क्षेत्रात सर्वांत दीर्घ व सर्वांत निर्भय म्हणावे लागेल. डाव्या विचारांची पुस्तके बाळगल्यावरून १९३६ मध्ये तिला कारावास घडला. १९४४ मध्ये ती रीओ दे जानेरोतील एंजेन्यू दे देन्त्रू येथील रुग्णालयात सरकारी सेवेत परतली, तेव्हा विद्युत् आघात व लोबॉटमी ही मेंदूवरील शस्त्रक्रिया हे नवे उपचार मानले जात होते. विद्युत् आघाताची कळ दाबण्यास तिने नकार दिला. तेव्हा तिच्याकडे व्यवसायोपचाराचा दुर्लक्षित विभाग सोपवण्यात आला; तेथे १९४६ मध्ये तिने चित्रशाळा काढली. साहाय्यकांनी शिकवू नये, टीकाही करू नये. केवळ आस्थेने जवळ असावे, हा तिचा नियम होता. उपस्थित व्यक्तीचा स्नेह हा रासायनिक क्रियेतील उत्प्रेरकासारखा असतो, असे तिचे प्रतिपादन होते. रुग्णालयाच्या आवारातील बेवारशी कुत्र्यांनाही ती सहउपचारक म्हणे.

छिन्नमानसाने पीडित फर्नांदू दिनीझ हा तेथील एक चित्रकार होय. त्याची आई शिवणकाम करी व लहानपणी तिच्याबरोबर श्रीमंतांची घरे त्याने पाहिली होती. त्याच्या आरंभीच्या चित्रांत वस्तूंची दाट सरमिसळ आढळते. पुढे खुर्ची, टेबल, पियानो असे एकेक वेगळे होत जाऊन शेवटी पूर्ण खोली उभी राहते. अशी चित्रे तारीखवार एकत्र ठेवली, तरच हा प्रवास दिसतो, म्हणून सिल्व्हेराने १९५२ मध्ये रुग्णालयातच अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय स्थापन केले. त्यातील कृतींची संख्या आज साडेतीन लाखांहून अधिक आहे. रुग्णांच्या चित्रांत वारंवार येणाऱ्या वर्तुळाकृतींविषयी तिने १९५४ मध्ये कार्ल युंगला लिहिले. त्याने अशा आकृतींसाठी ‘मंडल’ ही भारतीय संज्ञा स्वीकारलेली होती व विस्कळित मनाने समतोल साधण्याचा केलेला तो प्रयत्न होय, असे त्याचे मत होते.

गटातील उपचार : सहा ते आठ व्यक्ती गोलाकार बसून साधारण दीड तास काम करतात, अखेरच्या भागात ज्याला वाटेल तो आपले चित्र मध्यभागी ठेवतो. ‘ह्याचा अर्थ काय?’ असे विचारत नाहीत. ‘ह्याविषयी सांगाल का?’ एवढेच विचारतात. न सांगण्याची मुभा असते. इतरांनी अर्थ न लावता चित्र पाहून स्वतःला काय वाटले, ते सांगावयाचे असते. समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचा अनुभव त्याच्या बाजूने जाणणे, ही ह्या प्रक्रियेची गुरुकिल्ली होय. ही संकल्पना मुळात कलामीमांसेतील आहे. रोबेर्ट फिशर ह्या जर्मन विचारवंताने १८७३ मध्ये, पाहणारा कलाकृतीच्या आकारात आपली भावना कशी ओततो, हे सांगण्यासाठी तिचा वापर केला. माणसामाणसांतील संबंधांना ती नंतर लावण्यात आली.

समूहाच्या स्तरावरील एक लक्षणीय उदाहरण चिलीतील आहे. सप्टेंबर १९७३ मधील लष्करी उठावानंतर ज्यांचे पती वा मुलगे नाहीसे झाले, अशा सांतियागोच्या गरीब वस्त्यांतील स्त्रिया चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. त्यांना आर्पिलेरा म्हणतात. त्यांत कधीकधी नाहीशा झालेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडाही असे. ह्या चित्रांची परदेशांत विक्री होऊन संसाराला हातभार लागे व दडपलेली वार्ता बाहेर जाई. येथे उपचारक नव्हता, त्यामुळे काटेकोर अर्थाने हा कलोपचार नव्हे; तथापि शेजारणीच्या टाक्यांत आपलेच दुःख ओळखण्याचा जो अनुभव गटोपचारात योजून आणावा लागतो, तो येथे सहज घडत होता.

परिणामकारकता व मर्यादा : ब्रिटनमध्ये छिन्नमानसाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात, नेहमीच्या उपचारांना आठवड्यातून एकदा गटातील कलोपचाराची जोड दिल्याने रुग्णांच्या एकंदर कार्यक्षमतेत वा मानसिक स्थितीत सुधारणा आढळली नाही. नेमून दिलेल्या रुग्णांपैकी अनेक जण सत्रांना फारसे आलेच नाहीत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते; परंतु तेवढ्यावरून तो निष्कर्ष डावलता येत नाही. औषधोपचाराला पर्याय म्हणून कलोपचार सुचवणे सर्वथा गैर होय. एकाच चित्रावरून, काळ्या रंगावरून वा झाडाच्या पोकळीवरून निदान करण्याची प्रथाही निराधार आहे. ब्रिटनमध्ये ‘कलोपचारक’ हे अभिधान कायद्याने संरक्षित असून नोंदणीवाचून ते लावता येत नाही.

चित्र कोणाचे, हा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे. सत्रातील चित्रे गोपनीय समजून उपचारकाने जपून ठेवावी व उपचार संपल्यावर ती काढणाऱ्याच्या इच्छेनुसार परत करावी, असा संकेत आहे. जुन्या रुग्णालयांतील चित्रे मात्र संमतीवाचून जमवली गेली. प्रिन्त्सहॉर्नने आपल्या ग्रंथात ब्यूलरचा निर्देश ‘पोल’ ह्या टोपणनावाने केला होता. हायडल्बर्ग येथे २००१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात त्याची चित्रे त्याच्या खऱ्या नावाने लावलेली आहेत.