गाळून न निघणारे विष

पाणी गाळून, उकळून पिण्याची शिस्त जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने रोगजंतू टळतात. पण पाण्यात विरघळलेले आर्सेनिक, म्हणजे सोमल, गाळण्यात अडकत नाही, उकळल्यानेही जात नाही. त्याला रंग, वास वा चव नसते.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या अंगावरील काळे डाग व खडबडीत तळवे पाहून हे विष ओळखले. माग हातपंपांपर्यंत पोहोचला. तळ्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून बंगालमध्ये गावोगावी बसवलेले हेच ते पंप! जगत्‌शेठांचा मुर्शिदाबाद जिल्हाही त्यातून सुटला नाही.

दोष कोणत्या कारखान्याचा नव्हता. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा थर असतो व त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. गाडलेला पालापाचोळा कुजताना प्राणवायू संपतो. मग सूक्ष्मजीव तो थर विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते.

शेजारशेजारच्या दोन विहिरींतही प्रमाण फार वेगळे असते. म्हणून बांगलादेशात एकेक पंप तपासून धोक्याचा लाल, निर्धोक हिरवा रंगवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा केवळ एक लक्षांश आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेलाच दिसतो. नवी कूपनलिका खोदणाऱ्याने पाण्याचा पहिला पेला ओठांकडे नव्हे, तपासणीकडे न्यावा.