कागदी वाटीतला केक

कपकेक म्हणजे एका माणसाने एका बैठकीत संपवावा एवढा लहान केक. तो कागदाच्या पातळ वाटीत भाजला जातो आणि त्याच वाटीसकट हातात दिला जातो. आठ इंची केक नीट भाजायला भट्टीत पाऊण तास लागतो, कपकेक अठरा ते बावीस मिनिटांत होतो. कापायला सुरी लागत नाही, वाढायला ताटली लागत नाही. केकच्या इतिहासात हा प्रकार टिकून राहिला तो या सोयीमुळे. त्याच्यावर क्रीमचा उंच शेंडा चढला तो फार उशिरा.

छापील पुरावा 1796 सालचा आहे. अमेलिया सिमन्स यांच्या 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात लहान पेल्यांमध्ये भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. कप केक हे नाव 1828 मध्ये एलिझा लेस्ली यांच्या पुस्तकात आढळते. त्या काळी अमेरिकेतल्या घरांमध्ये तराजूऐवजी पेल्याने माप घेण्याची पद्धत रूढ होत होती. एक पेला लोणी, दोन पेले साखर, तीन पेले मैदा आणि चार अंडी, हे प्रमाण लेकींनी आईकडून तोंडी शिकावे इतके सोपे होते. चुलीजवळच्या लहान भट्टीत मोठा केक कडेने करपायचा आणि मध्ये कच्चा राहायचा, मातीच्या लहान पेल्यांत ती भीती उरली नाही.

पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे कपकेक हा शाळेच्या डब्यातला आणि मुलांच्या वाढदिवसाचा खाऊ राहिला. त्याला दुकानाच्या काचेत मानाची जागा मिळाली न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या ब्लीकर स्ट्रीटवर 1996 मध्ये मॅग्नोलिया बेकरी सुरू झाली. मोठ्या केकचे उरलेले मिश्रण लहान वाट्यांत भाजायचे आणि वर बटरक्रीम लावायचे, इतक्या साध्या व्यवहारातून तिचे कपकेक सुरू झाले. 2000 साली 'सेक्स अँड द सिटी' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका दृश्यात मुख्य पात्रे या बेकरीबाहेर बसून कपकेक खाताना दिसली आणि दुकानासमोर रांगा लागल्या. 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये फक्त कपकेक विकणारे स्प्रिंकल्स हे दुकान निघाले. 2012 मध्ये त्याच दुकानाने पैसे काढायच्या यंत्रासारखे, दिवसरात्र कपकेक देणारे यंत्र भिंतीत बसवले. याच लाटेवर वाढलेली क्रम्ब्स ही दुकानांची साखळी 2011 मध्ये शेअर बाजारात आली आणि जुलै 2014 मध्ये तिने आपली सगळी दुकाने बंद केली. वाढदिवसालाच आठवणाऱ्या एकाच पदार्थावर रोजचे भाडे आणि पगार फार काळ निघत नाहीत. ज्या बेकऱ्या पाव, बिस्किटे आणि इतर केकही करत होत्या त्या या चढउतारातून सहज पार पडल्या. मॅग्नोलिया 2019 मध्ये बंगळुरूतही आली.

महाराष्ट्रात मात्र कागदी वाटीतला केक न्यूयॉर्कच्या लाटेची वाट पाहत थांबलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधल्या यझद आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबई-पुण्यात हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या. त्यांच्या काचेच्या कपाटातला मावा केक हा खऱ्या अर्थाने या मातीतला कपकेक. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोर 1914 मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवान या हॉटेलाचे नाव तर मावा केकशीच जोडले गेले. सकाळी लवकर गेले नाही तर ताट रिकामे मिळे. पुण्यात कॅम्प भागात ईस्ट स्ट्रीटवर 1955 पासून असलेली कयानी बेकरी श्रुझबरी बिस्किटांइतकीच मावा केकसाठी ओळखली जाते.

या केकची रचना समजून घेण्यासारखी आहे. लोणी, साखर, अंडी, मैदा हे नेहमीचेच, त्यात खवा आणि वेलची. चार ते पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा मिळतो, म्हणजे दुधातली प्रथिने, स्निग्धांश आणि दुग्धशर्करा एकवटून केकमध्ये उतरतात. भट्टीच्या उष्णतेत दुधाची प्रथिने आणि शर्करा यांचा संयोग होतो आणि वरचा पापुद्रा लालसर तपकिरी होतो, कडेला पेढ्यासारखा खमंगपणा येतो. आतला भाग जड पण रवाळ राहतो. त्याच्यावर काहीही लावलेले नसते आणि लावायची गरजही नसते. कपकेकची परीक्षा क्रीम बाजूला सारून करावी, आणि त्या परीक्षेत मावा केक आजही पहिला येतो.

मोठ्या शहरांबाहेर हा केक कसा रुजला, हे वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेसारख्या गावात पाहता येते. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत, म्हणून मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरच्या गावाला चांदूर रेल्वे म्हणतात आणि दुसऱ्याला चांदूर बाजार. बडनेरा आणि धामणगाव यांच्यामधले चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात आहे. भाजण्याची कला वऱ्हाडाला परकी नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे ही इथल्या पंगतीची ओळख आहे. बेकरीची भट्टी गावोगाव आली ती पाव, टोस्ट, खारी आणि नानखटाईसाठी. दिवाळीच्या आधी घरून रवा, मैदा, तूप आणि साखर नेऊन बेकरीतून नानखटाई भाजून आणण्याची पद्धत अनेक घरांनी वर्षानुवर्षे पाळली. डबा भरून परत येताना भट्टीवाल्याला मजुरी द्यायची, एवढाच व्यवहार. याच बेकऱ्यांतून पिवळसर, कागदात भाजलेले साधे कप केक किराणा दुकानांच्या बरण्यांत पोहोचले. शाळेत जाणाऱ्या मुलाला हातावरच्या सुट्या पैशांत मिळणारा केक तोच होता.

घरात केक शिरला तो कुकरमधून. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ किंवा वाळू पसरायची, त्यावर भांडे ठेवून मंद आचेवर तासभर भाजायचे. त्यानंतर झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, मग ओटीजी. 2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना वाढदिवस घरीच साजरे होऊ लागले आणि मोबाइलवर पाहून केक करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यातल्या पुष्कळ जणींनी पुढे ऑर्डर घेणे सुरू केले. तालुक्याच्या गावात केवळ कपकेकचे दुकान चालणे अवघड आहे, तेवढे गिऱ्हाईक रोज मिळत नाही. पण घरच्या ओट्यावरून, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन, सहा किंवा बारा नगांचा खोका बारशाला, डोहाळजेवणाला किंवा शाळेतल्या वाढदिवसाला देणे सहज जमते. मोठ्या शहरांत महागड्या दुकानांनी जे करून तोटा सोसला ते इथे भाड्याचा बोजा नसल्यामुळे तगून राहते. विक्री घरून असली तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक मिळतो. ही नोंदणी टाळू नये, कारण खाणाऱ्याचा विश्वास तिथून सुरू होतो.

वऱ्हाडातल्या बहुतेक मागण्या अंडे नसलेल्या केकच्या असतात. अन्नपदार्थांच्या वेष्टनावरच्या खुणांच्या नियमांत दूध शाकाहारी धरले जाते, अंडे मात्र मांसाहारात मोडते, आणि सणवार-उपवास पाळणाऱ्या घरांत हा भेद काटेकोर असतो. अंडे काढून टाकणे दिसते तितके सोपे नाही. अंडे केकमध्ये तीन कामे करते. फेटताना हवा धरून ठेवते, तेल आणि पाणी एकत्र बांधते आणि भाजताना गोठून केकचा सांगाडा उभा करते. त्याऐवजी दही आणि खायचा सोडा वापरला, की दह्यातले आम्ल सोड्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते आणि मिश्रण फुलते. हा वायू लगेच उडू लागतो, म्हणून सोडा पडला की वाट्या तडक ओव्हनमध्ये गेल्या पाहिजेत. बेकिंग पावडरचा काही भाग ओलाव्याने आणि काही उष्णतेने काम करतो, त्यामुळे तिच्यात थोडी उसंत मिळते. सांगाड्याचे काम मैद्यातल्या ग्लुटेनवर आणि मिल्क पावडर किंवा आटवलेल्या गोड दुधावर येऊन पडते. इथेच नवख्या हातांची चूक होते. गुठळ्या जाव्यात म्हणून मिश्रण फार वेळ घोटले, की ग्लुटेनचे धागे ताणले जातात, केक रबरासारखा होतो आणि आत उभी भुयारे पडतात. कोरडे आणि ओले पदार्थ एकत्र झाले की हात थांबवावा, बारीक गुठळ्या भाजताना विरतात. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव लागते आणि ती कुठल्याही इसेन्सने झाकत नाही.

वाटी दोन तृतीयांश भरावी. ओव्हन फार तापलेला असेल तर कडा आधी घट्ट होतात आणि मधला भाग टोक काढून फुटतो. 170 ते 180 अंश सेल्सिअसला माथा सपाट आणि मऊ येतो.

क्रीमचा प्रश्न वऱ्हाडात हवेने ठरवला आहे. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो आणि लोणी 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळते. न्यूयॉर्कचे बटरक्रीम इथे दुपारी बाराच्या आत पाघळते. म्हणून बाजारात वनस्पती तेलापासून केलेले, गोठवून ठेवायचे व्हिप क्रीम चालते. तेही थंडगार भांड्यात फेटावे लागते, आणि भारनियमनात फ्रिज बंद पडला की त्याचा आकार राहत नाही. शिवाय त्यात दुधाची चव नसते, तोंडात मेणचट थर राहतो. उन्हाळ्यात ऑर्डर घेणाऱ्यांनी क्रीमचे फूल विसरून चॉकलेटचा पातळ गनाश, फळाच्या रसात कालवलेल्या पिठीसाखरेचा पातळ थर किंवा नुसता खव्याचा केक द्यावा, तो खाणाऱ्यालाही जास्त आवडतो.

चवींमध्ये चॉकलेट आणि रेड वेल्व्हेट यांना सर्वांत जास्त मागणी असते. रेड वेल्व्हेट म्हणजे थोडा कोको, ताक, व्हिनेगर आणि भरपूर लाल रंग. प्रचलित कृतीत त्याच्यावर क्रीम चीज असते, त्याचा आंबटपणा काढून घेतला की उरतो तो केवळ रंग. बीटाचा रस घालून रंग टाळण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, पण भाजताना बीटाची लाली बरीचशी तपकिरी होते. टूटीफ्रूटी ही कच्च्या पपईची पाकातली फोड, आणि तिचा साधा पिवळा कपकेक अजून मुलांचा लाडका आहे.

या भागाला शोभणारी चव मात्र संत्र्याची. अमरावती जिल्ह्यातले वरुड आणि मोर्शी हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत आणि आंबिया व मृग अशा दोन बहरांमुळे फळ वर्षातून दोनदा बाजारात येते. संत्र्याचा रस आंबट असल्याने सोड्याला लागणारे आम्ल त्यातूनच मिळते, दही किंवा व्हिनेगरची गरज उरत नाही. बारा कपकेकसाठी 190 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 240 मिलिलिटर ताजा रस, 80 मिलिलिटर बिनवासाचे तेल, एक सपाट लहान चमचा सोडा आणि दोन संत्र्यांच्या सालीचा वरचा नारिंगी कीस पुरतो. सुगंध त्या किसातल्या तेलात असतो, रसात थोडाच. किसताना सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नये. नागपुरी संत्र्याचा रस काढून बराच वेळ ठेवला किंवा बिया चिरडल्या तर त्यात कडवटपणा उतरतो, म्हणून रस आयत्या वेळी काढून लगेच वापरावा. बाजारातल्या ऑरेंज इसेन्सच्या केकशेजारी हा केक ठेवला तर फरक लहान मुलालाही कळतो, आणि संत्र्यांच्या जिल्ह्यात बाटलीतला वास विकत घेणे खरोखर खटकते.

खव्याचीही इथे वाण नाही. मेळघाटातली गवळी कुटुंबे दूध आटवून खवा करतात, सेमाडोहची रबडी खायला पर्यटक वाट वाकडी करतात. तो खवा किसून, अंड्याऐवजी दही घालून केलेला मावा कपकेक इराणी केकपेक्षा थोडा भुरभुरीत होतो, चवीला मात्र कमी पडत नाही. ज्वारीच्या पिठाचे कपकेक हा अलीकडचा प्रयोग. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या ज्वारीचा केक हातात फुटतो. एकूण पिठाच्या पाव भागापर्यंत ज्वारी आणि साखरेऐवजी गूळ घेतला, तर गुळाच्या ओलाव्याने तो मऊ राहतो आणि चवीला भाजक्या धान्याची खोली येते.

टिकण्याच्या बाबतीत या प्रकारांत मोठा फरक आहे. तेलात केलेला संत्र्याचा कपकेक झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस मऊ राहतो. क्रीम लावलेला लोण्याचा केक फ्रिजमध्ये कडक होतो, तो खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावा. फ्रिजच्या थंडाव्यात मैद्यातला स्टार्च लवकर घट्ट होऊन केक शिळा लागतो, म्हणून क्रीम नसलेला केक फ्रिजमध्ये ठेवूच नये. खव्याच्या केकला हा नियम हिवाळ्यातच लागू. उन्हाळ्यात खवा लवकर आंबतो, तेव्हा तो केक भाजल्या दिवशीच किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवावा, आणि क्रीमचा खोका घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये जावा.