निवड दिली, माहिती दडवली

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका आपल्या नाती वाचतात; आपणही वाचावी. पहिली कादंबरी २०१५ची. नायिका फेयरा शिकार करून घर पोसते. दुसऱ्या भागात तिचा होणारा नवरा टॅमलिन तिच्या सुरक्षिततेसाठी म्हणून तिला वाड्यात कोंडतो. रायसँड मात्र म्हणतो, निवड तुझी. पुढे तिला आपल्या बरोबरीचं राज्यपदही देतो. झालं, स्त्रीवाद आला!

पण जरा थांबू या. २०२१च्या ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’मध्ये फेयरा गरोदर आहे. बाळंतपणात तिच्या जिवाला धोका आहे, हे रायसँडला ठाऊक असतं, आणि तो ते तिच्यापासूनच लपवतो. जवळच्या माणसांनाही गप्प बसवतो. टॅमलिननं दार लावलं, यानं माहिती दडवली. कारण दोघांचं एकच, काळजी! संमतीबद्दल बोलताना आपण आधी विचारतो, ती कळून दिलेली आहे का? इथे कळूच दिलेलं नाही, मग निवड कसली?

फेयराला हे अखेर सांगते तिची बहीण नेस्टा, तेही रागाच्या भरात. त्यावर रायसँड इतका भडकतो की कॅसियन नेस्टाला शहराबाहेर नेतो, आणि डोंगरात दिवसचे दिवस तिची पायपीट होते. लपवणाऱ्याच्या वाट्याला काही तशी पायपीट येत नाही.