जंतूंना तोंडीलावणे

पांढऱ्या पेशी जंतू खातात, असे आपण वर्गात सांगतो. पण नुसते जंतू त्यांच्यापुढे ठेवले तर? १९०३ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात राइट आणि डग्लस यांनी धुतलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंत मिसळल्या. पेशींनी जंतू जेमतेम गिळले. सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारे पाणी) घालताच मात्र फडशा! सीरममुळे पेशींची भूक वाढली, की जंतूंना चव आली? त्यांनी जंतू आधी सीरममध्ये ठेवून मग तापवले. तरी ते गिळले गेले. आधीच तापवलेले सीरम जवळजवळ निरुपयोगी ठरले. म्हणजे बदल जंतूंवर झाला होता. (हा युक्तिवाद फळ्यावर मांडून मुलांकडूनच उत्तर काढून घ्यावे.) राइटने या द्रव्याला ‘ऑप्सोनिन’ म्हटले; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भाकरीबरोबरचे तोंडीलावणे.

ही द्रव्ये म्हणजे मुख्यतः प्रतिपिंडे आणि सी-३ हे पूरक प्रथिन. ती जंतूला चिकटतात आणि भक्षक पेशीवरचे ग्राही रेणू त्यांना पकडतात. न्यूमोकॉकसभोवती शर्करेचे कवच असते, त्यामुळे तो एरवी हातातून निसटतो. जन्मतः सी-३ नसलेल्या मुलांना अशा जंतूंचे गंभीर संसर्ग पुन्हापुन्हा होतात. २०१७ पासून आपल्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आलेली न्यूमोकॉकसची लस बाळाला याच कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला लावते.