माणसे टिकत का नाहीत?

‘हल्ली माणसे टिकत नाहीत’ ही तक्रार जालन्याच्या व्यापारी व कारखानदार मंडळींत नित्य ऐकू येते. हाताला काम असता कोणी दुसरे काम धुंडाळू लागला की त्यास कृतघ्न ठरवून आपण मोकळे होतो. परंतु भाव पाहून आपला माल परपेठेत धाडणाऱ्या व्यापाऱ्यास आपण दूरदर्शी म्हणतो. मग श्रम हाच ज्याचा माल, त्याने चांगला भाव शोधिला तर त्यात पाप ते कोणते?

मनुष्य केवळ पैशासाठी जागा सोडतो, हेही अर्धसत्यच होय. उद्याची शाश्वती, कामाचे ठराविक तास, वर चढण्याची आशा व माणुसकीची वागणूक, यांपैकी जे मिळत नाही ते शोधावयास तो निघतो. अमेरिकेत हेन्री फोर्ड याच्या मोटार कारखान्यास १९१३ साली सुमारे १४,००० कामगार टिकविण्यासाठी ५२,००० हून अधिक माणसे नेमावी लागली. १९१४ च्या जानेवारीत त्याने रोजचे वेतन ५ डॉलरपर्यंत नेले व कामाचे तास ९ वरून ८ केले. तेव्हा ही गळती झपाट्याने ओसरली. हा धर्मादाय नव्हता, हिशेब होता.

आता आपल्या घराकडे पाहू. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत पुष्कळ मजूर परप्रांतांतून येतात. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली ज्या १६ मजुरांचा अंत झाला, ते टाळेबंदीत काम थांबल्यामुळे जालन्याहूनच मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. संकटसमयी जी नोकरी आधार देत नाही, तिने निष्ठा कोणत्या तोंडाने मागावी?

उलट, याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस परजिल्ह्यांत जातात. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडीस हंगाम संपेतो दुसरे काम शोधण्याची सोयच नाही. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही तिच्याच पायी जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली खरी. पण जेथे काम सोडण्याची मोकळीक नाही, तेथे तिची सावली अद्याप रेंगाळते आहे.

म्हणून आमचे मालकवर्गास सांगणे इतकेच की, सोडून जाणाऱ्या मजुरावर रागावू नये. तो स्वतंत्र आहे याचीच ती खूण होय. वेतन वेळेवर द्यावे, हिशेब लेखी ठेवावा, अडचणीत हात द्यावा. अशा पेढीवरून माणसे सहसा उठत नाहीत.