टीव्हीचाही रोजा असतो

रमजानचा चाँद दिसला की पनवेलच्या मुस्लिम घरांतले घड्याळ बदलते. एरवी सकाळी सातला उठणारे घर पहाटे चारला जागे होते. दुपारी चूल थंड असते आणि साडेचारनंतर स्वयंपाकघरात एकच गडबड उडते. जेवणाची वेळ बदलते, झोपेची बदलते, दुकान उघडण्या-मिटण्याची बदलते. या सगळ्यांबरोबर आणखी एका गोष्टीची वेळ बदलते, पण तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे टीव्हीची.

पटेल मोहल्ल्यापासून कळंबोली, तळोजापर्यंत याच्या नाना तऱ्हा दिसतात. काही घरांत चाँदरातीलाच टीव्हीवर धुतलेली चादर पडते, ती थेट ईदच्या सकाळी निघते. काही घरांत गाणी आणि सिनेमा बंद, बातम्या आणि क्रिकेट चालू. काही घरांत दिवसा बंद, रात्री चालू. काही घरांत टीव्ही मुळात कधी आलाच नाही. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हा वाद ज्याच्या त्याच्या घरचा. पण या सगळ्यांच्या मागे विचार एकच आहे. रोजा फक्त पोटाचा नसतो. तो डोळ्यांचा असतो, कानांचा असतो, जिभेचाही असतो. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी डोळ्यांना वाटेल ते खाऊ घातले, तर त्या उपाशी राहण्याला काय अर्थ उरला, असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात. म्हणून रमजानात 'आज टीव्हीवर काय आहे' या प्रश्नाच्या जोडीला 'त्यातले आपण काय पाहायचे' हाही प्रश्न येतो.

दिवेलागणीची ओढाताण

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. पनवेलमध्ये डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सव्वासातला. रोजा सोडण्याची, म्हणजे इफ्तारची वेळ सूर्यास्ताबरोबर चालते. टीव्हीवरची मालिका मात्र सूर्याला विचारत नाही. ती आपल्या ठरल्या वेळेलाच लागते. त्यामुळे एखादा आवडीचा कार्यक्रम काही वर्षे रमजानशी गुण्यागोविंदाने नांदतो आणि पुढची काही वर्षे त्याच्याशी भांडतो.

'होम मिनिस्टर'चे उदाहरण घ्या. 2004 मध्ये आदेश बांदेकर पैठणी घेऊन वहिनींच्या दारात जाऊ लागले, तेव्हा रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात होता. सहा-सव्वासहाला रोजा सुटायचा, मगरिबची नमाज व्हायची आणि बायका जरा टेकायला मोकळ्या व्हायच्या. पुढे रमजान ऑगस्टात आला, इफ्तार सातवर गेला आणि पैठणीचा खेळ रंगायच्या वेळेला कढईत भजी तळायची पाळी आली. अशा वेळी टीव्ही पाहिला जात नाही, ऐकला जातो. एका हातात झारा, कलिंगडाच्या फोडी अजून करायच्या, सरबतात सब्जा घालायचा राहिलेला, आणि कान बाहेरच्या खोलीत. 'कोण जिंकलं गं?' असे आतून विचारायचे आणि बाहेर बसलेल्या मुलीने ओरडून सांगायचे.

सुटलेल्या भागाची भरपाई शेजारीण करते. आज मोबाइलवर कुठलाही भाग कधीही पाहता येतो. ती सोय नव्हती तेव्हा 'चार दिवस सासूचे'मध्ये काल काय झाले, हे दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना गॅलरीतून कळायचे. इफ्तारची ताटली घेऊन शेजारी गेलेली मुलगी परत येताना रिकामी ताटली आणत नसे. त्यात काकूंनी घातलेले काहीतरी असायचे आणि सोबत मालिकेची बातमीही असायची.

रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह असते. रमजानातली ही खास नमाज, तिच्यात महिनाभरात सगळे कुराण वाचून पूर्ण केले जाते. उन्हाळ्यात ती संपेपर्यंत दहा वाजून जातात. 2016 मध्ये रमजान जून-जुलैत होता आणि 'रात्रीस खेळ चाले' साडेदहाला लागत असे. वेळ अशी जुळली की तरावीहहून परतलेला तरुण टोपी खुंटीला अडकवून थेट नाईकांच्या वाड्यातच शिरायचा. कोकणातले आकेरी, तिथला वाडा, ती मालवणी बोली. रायगडच्या कोकणी मुसलमानाला ते सगळे घरचेच वाटते. त्याच्या घरात बोलली जाणारी कोकणीही याच मातीतली. रमजानात सैतान कैदेत असतो, असे मानतात. मग ही भुते सुटलीच कशी, असा आज्यांचा सवाल असायचा. त्याचे उत्तर ना मालिकेने दिले, ना नातवंडांनी.

पोरांच्या आवडीही अशाच वेळेला बांधलेल्या. 'सीआयडी' सुरू झाली ती 21 जानेवारी 1998 रोजी, तेव्हा रमजानच चालू होता. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न पुढे वीस वर्षे बोटे फिरवत राहिला आणि एका पिढीने तरावीहनंतरच्या चहाबरोबर दयाला दारे तोडताना पाहिले. हल्लीची अडचण आयपीएलची. सामना साडेसातला सुरू होतो, तोवर इफ्तार झालेली असते. पहिली काही षटके पाहून होतात, इतक्यात इशाची अजान होते. मशिदीतून बाहेर पडताना चपला शोधता शोधता पहिला प्रश्न असतो, 'स्कोअर काय झाला?'

दोन्हींचे तोंड पश्चिमेला

हे सगळे झाले अनेक वाहिन्यांच्या काळातले. त्याआधी पनवेलकरांना एकच वाहिनी ठाऊक होती. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि वरळीच्या उंच मनोऱ्यावरून चित्रे पनवेलपर्यंत पोहोचू लागली. वरळी पनवेलच्या पश्चिमेला, आणि नमाजची दिशा असलेला किब्लाही इथून पश्चिमेलाच. त्यामुळे मोहल्ल्यातल्या कौलांवरचे अँटेना आणि खालच्या खोलीतली जानमाज यांची तोंडे जवळजवळ एकाच बाजूला असत. वारा सुटला की अँटेना मात्र फिरायचा. मग एकजण कौलावर, एकजण खिडकीत आणि आतून 'आलं, आलं, गेलं!' असा पुकारा.

टीव्ही तेव्हा घराचा नसे, आळीचा असे. ज्याच्याकडे संच, त्याच्याकडे 'छायागीत'ला आणि रविवारच्या सिनेमाला दहा-पंधरा माणसे. तबस्सुमचे 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' लागले की उर्दू कळणारे आणि न कळणारे सारखेच हसायचे. एकोणतिसाव्या रोज्याला चाँद दिसला की नाही, हे ऐकायलाही लोक रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्यांपाशी कान देऊन बसत.

त्या काळाचे शिखर म्हणजे रविवार सकाळ. 25 जानेवारी 1987 रोजी रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले. त्या वर्षी रमजान मे महिन्यात होता. बाहेर ऊन, शाळेला सुट्टी, पोटात रोजा आणि साडेनऊला शेजारच्या वाड्यात 'रामायण'. शेजारच्या घरी प्रसाद वाटला जायचा तेव्हा रोजा असलेल्या पोराचा वाटा कागदात बांधून ठेवला जाई. संध्याकाळी रोजा सुटल्यावर तो त्याच्या हाती पडायचा.

त्यामागून 2 ऑक्टोबर 1988 रोजी बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' आले. त्याची पटकथा आणि संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. गाझीपूरचा हा माणूस, 'आधा गाँव' या कादंबरीचा लेखक. 'महाभारत' एका मुसलमानाने का लिहावे, अशी विरोधाची पत्रे आल्यावरच रझांनी हे काम हट्टाने हाती घेतले, असा किस्सा सांगितला जातो. आपण गंगेकाठचे, गंगेचे पुत्र, ही कथा आपल्याइतकी कोणाची, असे त्यांचे म्हणणे होते. कथा सांगणारा 'काळ' आणि त्याला हरीश भिमाणी यांचा आवाज, ही योजना घराघरांत पोहोचली. 'पिताश्री', 'भ्राताश्री' या हाका त्या मालिकेने पोरांच्या तोंडी बसवल्या. अर्जुन झालेल्या फिरोज खान यांनी पुढे आपले नावच अर्जुन करून घेतले. पनवेलच्या वाड्यांत एकत्र बसून ही मालिका पाहणाऱ्या किती जणांनी नामावलीतले रझांचे नाव लक्ष देऊन वाचले असेल? बहुधा थोड्यांनीच. लेखक कोण, हा प्रश्न तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता.

एकच संच, एकच महिना

33 वर्षांनी रमजान पुन्हा त्याच ऋतूत आला. ते साल 2020. टाळेबंदी लागली होती. दूरदर्शनने 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. डीडी भारतीवर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला 'महाभारत' लागत होते. 25 एप्रिलला पहिला रोजा झाला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरोघरी होत होती. रस्त्यावर इफ्तारचे ठेले नव्हते, कोणाकडे जाणे-येणे नव्हते. पनवेलमध्ये त्या दिवसांत रोजा सुटायचा सातच्या सुमारास. दस्तरखान अंथरलेला, हातात खजूर, आणि समोर राही मासूम रझांचे संवाद. ज्यांनी लहानपणी ते शेजाऱ्याच्या घरी पाहिले होते, ते आता आपल्या मुलांना दाखवत होते.

पण रिमोटचे बटण दाबले की त्याच संचावर दुसरेच काही चालू असे. दिल्लीच्या मरकजच्या घटनेनंतर कित्येक वृत्तवाहिन्यांवर रोगाला धर्म चिकटवला जात होता. आरडाओरडीच्या चर्चा नेमक्या संध्याकाळी, म्हणजे इफ्तारच्याच वेळेला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले, याच्या बातम्या त्याच काळातल्या. त्यानंतर 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा प्रचार झाला, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले. ते निकालपत्र कायद्याच्या पुस्तकात गेले. संध्याकाळच्या चर्चा मात्र ज्याच्या त्याच्या मनात राहून गेल्या.

रमजानात अनेक घरांत इफ्तारच्या वेळी बातम्या लावायच्या नाहीत, हा नियम त्या वर्षापासून पक्का झाला. त्याला कोणी निषेध म्हणत नाही. दिवसभर राग गिळून, जीभ आवरून, खोटे आणि चहाडी टाळून जो रोजा जपला, तो शेवटच्या पाच मिनिटांत कोणाच्या तरी ओरडण्यावर का खर्चायचा, इतकाच साधा हिशेब. हा हिशेब फक्त रोजेदारांना कळतो असे नाही. लाइन आळीत संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना टीव्हीचा आवाज बंद करणाऱ्या आजीलाही तो कळतो. चातुर्मासात एखादी आवडती गोष्ट सोडणाऱ्या घरालाही कळतो.

शेजाऱ्याची ओळख टीव्हीवरून करून घ्यायची की शेजाऱ्याकडे जाऊन, हा प्रश्न पनवेलसारख्या गावाला परवडणारा नाही. इथे मशीद आहे, देवळे आहेत, बेने इस्रायलींचे सिनेगॉगही आहे. माणसे एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच लोकलने मुंबई गाठतात. या गावाला जो शेजारी ठाऊक आहे, तो पडद्यावरच्या सहा चौकटींमध्ये भांडत नाही.

आता घराघरांत टीव्ही एक असला तरी पडदे चार झाले आहेत. मुलगा मोबाइलवर सामना पाहतो, मुलगी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'च्या चित्रफिती, वडील कोणते तरी प्रवचन. मक्केचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. त्यामुळे पनवेलची तरावीह उरकून घर शांत झाले की तिथली सुरू होते. गुडघ्यांनी थकलेली, मशिदीची पायरी चढू न शकणारी दादी मोठ्या पडद्यावर काबा पाहत बसते. हजला जाणे राहिले त्यांना तेवढ्यावरच समाधान मानावे लागते. तिच्या शेजारी बसलेला नातू मोबाइल खाली ठेवून दोन मिनिटे तिकडे पाहतो. तेवढाही पुरे.

रमजानातली खरी गंमत ही की महिनाभर, रोज एकदा, चारही पडदे आपोआप बंद होतात. अजानला दहा मिनिटे असतात तेव्हा सगळे घर एका दस्तरखानाभोवती बसते. सायंकाळी एकत्र बसण्याची ही सवय रमजान संपल्यावरही ठेवता आली, तर टीव्हीचे काहीच बिघडणार नाही. मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात.

आणि ईदच्या दिवशी चादर निघते, टीव्ही पुन्हा लागतो. त्यावर ईदचा खास कार्यक्रम चालू असतो. शीरखुर्म्यासाठी आलेली शेजारची मंडळी, त्यांची पोरे, मोहल्ल्यातली पोरे, असे सगळे घर भरलेले असते. पडद्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते.