मायफळ : फळ नव्हे, कीटकाचे घर

दंतमंजन, गंडूषाचा काढा, योनिधावन आणि घरोघरची बाळगुटी यांत मायफळाचा वापर आपण नित्य करतो. कषाय रस आणि स्तंभन कर्म यांसाठी त्याची ख्याती आहे. मात्र ज्यास आपण फळ म्हणतो ते मुळी फळच नाही, याचा सहसा विसर पडतो. आम्हासही तो पडला होता.

काही वर्षांपूर्वी एक आजीबाई नातवासाठी नेलेले मायफळ परत घेऊन आल्या. "वैद्यबुवा, याला भोक आहे. असलं किडकं सहाणेवर उगाळून बाळाला कसं द्यायचं?" त्या गेल्यावर आम्ही बरणी उपडी केली. बहुतेक गाठी फिकट, हलक्या व सच्छिद्र होत्या. त्याच मालाचे मंजन आम्ही महिनाभर देत होतो आणि हिरड्यांतील रक्तस्राव थांबेना म्हणून रुग्णांच्या पथ्यास दोष देत होतो. उरलेले मंजन आम्ही काढून टाकले आणि या द्रव्याचा अभ्यास नव्याने आरंभिला.

तुर्कस्तान, सीरिया, इराक व इराण या प्रदेशांत क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाचा ओकवृक्ष वाढतो. गांधीलमाशीच्या गणातील, काही मिलिमीटर लांबीचा एक कीटक (अँड्रिकस गॅलीटिंक्टोरिए) त्याच्या कोवळ्या कळीत अंडे घालतो. अळीच्या प्रभावाने कळीतील पेशी वाढून गाठ तयार होते, तेच मायफळ. अळी मध्यभागी पोकळीत वाढते आणि पूर्ण वाढ झालेला कीटक भिंत पोखरून बाहेर पडतो. अशा गाठी कीटकांमुळे होतात, हे इटालियन शास्त्रज्ञ माल्पिघी यांनी 1679 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले होते. आपली काकडशिंगीदेखील अशीच गाठ आहे. मात्र ती मावावर्गीय कीटकांमुळे पिस्ताकुलातील वृक्षावर निर्माण होते.

ओकवर असे अनेक कीटक आढळतात. सूक्ष्म कीटक पाहून जाती ठरविणे कठीण. परंतु प्रत्येक जातीची गाठ वेगळी असल्याने गाठीवरून निर्माता ओळखता येतो. उलटपक्षी, गाठीतून निघालेला कीटक तिचा निर्माता असेलच असे नाही. तयार गाठीत आश्रयास राहणारे आणि मूळ अळीवर जगणारे परजीवी कीटकही त्यातूनच बाहेर पडतात.

खरे मायफळ साधारण 1 ते 2.5 सेंटीमीटर व्यासाचे, कठीण, गोलसर, देठाकडे निमुळते आणि वरच्या भागी आखूड उंचवटे असलेले असते. अँड्रिकस कोलारीची गाठ गोटीसारखी गुळगुळीत असते. अँड्रिकस क्वेर्कस्टोझीची गाठ मोठी असून तिच्या वरच्या भागावर टोकांचे मुकुटासारखे कडे असते. या दोन्हींस मायफळ समजू नये.

प्रतीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. कीटक बाहेर पडण्यापूर्वी गोळा केलेली गाठ निळसर वा हिरवट, जड व अच्छिद्र असते. ती अत्यंत तुरट लागते. नंतर गोळा केलेली पांढुरकी, हलकी, छिद्रयुक्त असते व तिचा तुरटपणा उणा असतो. चांगल्या प्रतीत टॅनिनचे प्रमाण 50 ते 70 टक्के सांगितले जाते.

म्हणून माल घेताना चूर्ण न घेता अखंड मायफळच घ्यावे. मूठभर नमुना पाण्यात टाकावा. उत्तम निळी गाठ बुडते. काही गाठी फोडून आतील पोकळी पाहावी. फेरिक क्लोराइडच्या थेंबाने काढा निळसर काळा होतो खरा, परंतु हिरड्याचाही होतो. त्यावरून द्रव्याची ओळख पटत नाही. याच गुणामुळे मायफळ व हिराकस यांची शाई शतकानुशतके वापरात होती. याच कारणास्तव मायफळाचा काढा लोखंडी भांड्यात करू नये.

त्या आजीबाईंनी ना टॅनिन मोजले होते, ना कीटकाचे नाव ऐकले होते. त्यांनी फक्त द्रव्य हातात घेऊन नीट पाहिले. आम्ही पदवीधर वैद्यांनी ते केले नव्हते, एवढेच नम्रपणे नमूद करतो.